बरणीत भरलेला हिवाळा

जानेवारीतल्या सकाळी जबलपूरच्या कमानिया गेटखाली उभे राहावे आणि नुसते बघत राहावे. एका बाजूला सराफ्याची दुकाने हळूहळू उघडत असतात, दुसऱ्या बाजूने बडा फुहाऱ्याकडे जाणाऱ्या सायकली, रिक्षा, स्कूटर एकमेकींना चुकवत कमानीतून वाट काढत असतात. आणि या सगळ्या गर्दीच्या कडेकडेने हिरव्यागार शेंगांनी भरलेल्या हातगाड्या उभ्या असतात. मटार! टोपलीत मटार, गाडीवर मटार, स्कूटरच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीत मटार. सकाळी कचेरीला निघालेला माणूससुद्धा संध्याकाळी परतताना दोन-तीन किलो घेऊन जाण्याचे मनाशी ठरवूनच निघतो.

कमानिया हे नाव ऐकले, की मराठी कानाला आधी 'कमान' ऐकू येते. जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत उभी असलेली ही कमान त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून ओळखली जाते. १९३९ च्या मार्च महिन्यात काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन जबलपूरजवळ, नर्मदेच्या काठी भरले होते. त्याआधी जानेवारीत सुभाषचंद्र बोस हे डॉ. पट्टाभी सीतारामय्यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव करून दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले होते. अधिवेशनाला ते आले तेव्हा तापाने फणफणलेले होते. त्यांचे भाषण त्यांच्या थोरल्या भावाला, शरदचंद्रांना, वाचून दाखवावे लागले. बावन्नाव्या अधिवेशनासाठी निघालेल्या बावन्न हत्तींच्या मिरवणुकीची गोष्ट आजही जुन्या घरांतून नातवंडांना सांगितली जाते. पुढच्याच महिन्यात सुभाषबाबूंनी अध्यक्षपद सोडले.

इतिहासाची ही कमान आज मात्र रोजच्या बाजाराच्या धबडग्यात उभी आहे. तिच्याखालून जाणाऱ्या बहुतेक बायकांच्या मनात त्या वेळी एकच हिशेब चाललेला असतो : आजचा मटार काय भाव, आणि किती घ्यायचा?

हवेलीच्या रानातले सोने

जबलपूरला मटार इतका का पिकतो, याचे उत्तर इथल्या जमिनीत आहे. नर्मदेच्या खोऱ्यातली ही काळी, चिकण, ओल धरून ठेवणारी माती. या भागात 'हवेली' नावाची शेतीची एक जुनी पद्धत आहे. पावसाळ्यात शेताला उंच बांध घालून पाणी तसेच कोंडून ठेवायचे. शेत म्हणजे जणू एक तळेच. तण त्या पाण्यात कुजून जाते आणि माती पोटभर पाणी पिते. मग पेरणीच्या सुमाराला पाणी सोडून द्यायचे आणि त्याच ओलीवर रब्बीचे पीक घ्यायचे. पूर्वी त्यात मुख्यतः गहू-हरभरा असे. आता सिहोरा, पाटण, शहापुरा, मझौली या भागांत मटाराने मोठी जागा व्यापली आहे. लवकर येणारा मटार काढून त्याच शेतात उशिराचा गहूही घेता येतो, हे शेतकऱ्याच्या लक्षात आले आणि मटाराचे दिवस आले.

जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ साली स्थापन झाले. तिथे तयार झालेल्या मटाराच्या वाणांना 'जवाहर मटर' हेच नाव आहे. २०२० साली केंद्र सरकारने लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली आणि प्रत्येक जिल्ह्याचे एक उत्पादन ठरवले, तेव्हा जबलपूरच्या वाट्याला आला तो हिरवा मटारच.

पण भरपूर पिकणाऱ्या मालाचे एक दुखणे असते. हंगामाच्या सुरुवातीला मटार भाव खातो. पुढे सगळ्यांचाच माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मटार हे काही गव्हासारखे कोठारात थांबणारे धान्य नाही. शेंग तोडल्या क्षणापासून दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो. सकाळी मधासारखा लागणारा दाणा दोन दिवसांनी पिठूळ होतो. शेतकऱ्याला थांबता येत नाही, व्यापारी थांबत नाही. मग थांबवायचे कुणी? तर गृहिणीने. मोठे कारखाने, शीतगृहे येतील तेव्हा येतील. पण कमानियाच्या आसपासच्या गल्ल्यांतून दर जानेवारीत हे काम कधीपासून चाललेलेच आहे.

गच्चीवरची शेती

जबलपूरचे आणि मराठी माणसाचे नाते जुने आहे. १७८१ पासून हा मुलूख मराठ्यांच्या ताब्यात होता. १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला. पुढे १८७० साली मुंबईहून येणारा लोहमार्ग आणि अलाहाबादेकडून येणारा लोहमार्ग यांची गाठ पडली ती जबलपुरातच. रेल्वेबरोबर नोकरदार आले, १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, १९५६ पासून इथे मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय आले. या ना त्या कारणाने आलेली मराठी कुटुंबे इथलीच झाली. घरात मराठी, दारात हिंदी, आणि स्वयंपाकघरात दोन्ही!

रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या क्वार्टरांना मागे थोडे अंगण असे. राइट टाउन, नेपिअर टाउनमधल्या बंगल्यांना तर चांगली ऐसपैस बाग. कमानियाजवळच्या दाट वस्तीत मात्र जमीन मिळणे कठीण. तिथली शेती वर गेली. जुन्या घरांच्या गच्च्यांवर तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, मातीच्या कुंड्या आणि हल्लीच्या प्लास्टिकच्या पिशव्या ओळीने मांडलेल्या दिसतात. टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, मेथी, पालक, वांगी, कठड्यावर चढवलेला दुधी, कोपऱ्यात लिंबाचे झाड. आणि काड्यांच्या आधाराने चढणारा, पांढऱ्या फुलांचा मटार.

मटाराचे बी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत लावतात. दहा-बारा इंच खोल कुंडी, भुसभुशीत माती, मधूनमधून पाणी आणि दिवसाचे पाच-सहा तास ऊन, एवढ्यावर तो खूष असतो. नत्राचे खत घालण्याची फारशी गरज नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत साठवतात. म्हणून पीक संपल्यावर वेल मुळासकट उपटू नये. वरून कापावा आणि मुळे मातीतच राहू द्यावीत. त्याच कुंडीत पुढे लावलेली भेंडी किंवा चवळई दुआ देते.

अर्थात खरे तेच सांगायला हवे. गच्चीवरचा मटार पोत्याने नव्हे, वाटीने मोजायचा असतो. दहा कुंड्यांतून एका घराला दोन-चार वेळच्या उसळीपुरत्या शेंगा मिळाल्या तरी पुष्कळ. बाकीचा मटार निवाडगंजच्या भाजीबाजारातून किंवा कमानियाजवळच्या हातगाडीवरून यायचाच. पण टोमॅटो, मिरच्या, लिंबे, दुधी आणि मेथी यांचे तसे नाही. ती घरची घरात इतकी येतात, की एका आठवड्यात संपत नाहीत. आणि मग घरोघरी तोच संवाद घडतो.

"अगं, एवढा मटार कशाला आणलास? घरच्या टोमॅटोंचेच अजून काही झालेले नाही!" सासूबाई म्हणतात.

"आई, आज इतका स्वस्त होता! पुढच्या महिन्यात मिळेल का असा?" सूनबाईचे उत्तर ठरलेले.

मग सासूबाई काही बोलत नाहीत. परात पुढे ओढतात आणि सोलायला बसतात.

सोललेल्या दुपारी

मटार सोलणे हा जबलपूरच्या हिवाळ्यातला एक सामाजिक कार्यक्रम आहे. दुपारच्या उन्हात गच्चीवर सतरंजी पसरली, की शेजारणीही आपापल्या पिशव्या घेऊन येतात. एक किलो शेंगांतून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम दाणे निघतात. निम्मा भाग सालांचा. तीही वाया जात नाहीत. कोवळ्या सालाचा आतला पातळ पापुद्रा ओढून काढला, की उरलेल्या गराची बटाटा घालून छान भाजी होते. बाकीची साले गाईला, नाहीतर कुंडीतल्या खताला.

दाणे साठवण्याची पद्धत सोपी आहे, पण त्यातली एकही पायरी गाळून चालत नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्याला खळखळून उकळी आणायची. दाणे सुती फडक्यात बांधून किंवा चाळणीत घालून त्यात दीड ते दोन मिनिटे बुडवायचे. लगेच बाहेर काढून बर्फाच्या पाण्यात तितकाच वेळ ठेवायचे. पाणी पूर्ण निथळू द्यायचे, फडक्यावर पसरून कोरडे करायचे आणि मग लहान लहान पिशव्यांत, आतली हवा दाबून काढून, फ्रीझरमध्ये ठेवायचे. पिशवी एका वेळच्या भाजीपुरतीच भरावी. एकदा विरघळलेला मटार पुन्हा गोठवू नये.

"नुसते सोलून ठेवले तर नाही का चालत?" असे पुष्कळजणी विचारतात. काही दिवस चालते. पण दाण्यात एन्झाइम्स असतात. थंडीत त्यांचे काम मंदावते, थांबत नाही. महिन्या-दोन महिन्यांत दाण्याला गवतासारखा वास येतो, रंग उतरतो, चव जाते. उकळत्या पाण्यातली ती दोन मिनिटे या एन्झाइम्सना निकामी करतात. बर्फाचे पाणी दाण्याला शिजू देत नाही. एवढेच यामागचे शास्त्र.

शून्याखाली अठरा अंश तापमान कायम राहिले, तर असा मटार आठ-दहा महिने उत्तम टिकतो. घरच्या फ्रिजच्या लहानशा फ्रीझरमध्ये एवढी थंडी सतत मिळेलच असे नाही, त्यात उन्हाळ्यात वीज गेली तर विचारूच नका. म्हणून तो तीन-चार महिन्यांत संपवलेला बरा.

गोठवलेल्या मटाराला तसे फार वय नाही. अमेरिकेत क्लॅरेन्स बर्ड्सआय याने झटपट गोठवलेल्या पदार्थांची किरकोळ विक्री मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात सुरू केली ती १९३० च्या मार्चमध्ये. त्या पहिल्या यादीतही मटार होताच. त्याच्याही आधी, १८१० साली, निकोला अपेर नावाच्या फ्रेंच हलवायाला अन्न टिकवण्याच्या युक्तीबद्दल सरकारने बारा हजार फ्रँकचे बक्षीस दिले होते. तो जाड काचेच्या बाटल्यांत भाज्या भरून, बुचे घट्ट बसवून, त्या उकळत्या पाण्यात ठेवत असे. त्याच्याही बाटल्यांत कोवळा मटार असे. अन्न कशाने नासते हे तेव्हा अपेरलाही ठाऊक नव्हते. ते पुढे अर्ध्या शतकाने लुई पाश्चरने दाखवून दिले.

रखिया आणि कोहळा

फ्रिज येण्यापूर्वी काय करत असत? उन्हाचा आधार घेत. जबलपूरचे हिवाळी ऊन कोरडे आणि प्रेमळ असते. पदार्थ करपत नाही, पण सुकतो. मेथी निवडून, धुऊन, सावलीतच पण वारा लागेल अशा जागी सुकवतात, म्हणजे रंग हिरवा राहतो. मिरच्या, गवार, कारल्याच्या चकत्या उन्हात जातात. चकत्यांना आधी मीठ लावून पाणी सुटू दिले, तर त्या लवकर सुकतात.

पण खरा सोहळा असतो तो बरीचा. रखिया म्हणजे आपला कोहळा. त्याचा कीस पिळून घ्यायचा, भिजवलेली उडदाची डाळ पाट्यावर वाटायची, ती हाताने इतकी फेसायची, की तिचा गोळा पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. मग कीस मिसळून खाटेवर पसरलेल्या कापडावर लहान लहान गोळे घालायचे. मराठी घरात हेच कोहळ्याचे सांडगे होतात. मिरची, हिंग, जिरे यांचे प्रमाण बदलते, एखाद्या घरात मेथ्या पडतात, दुसऱ्यात आले पडते. शेजारच्या भाभींची बरी आणि मराठी वहिनींचे सांडगे एकाच खाटेवर शेजारी शेजारी वाळत असतात. उन्हाळ्यात भाज्या महागतात तेव्हा एकीकडे बटाटा-बरीचा रस्सा होतो आणि दुसरीकडे तळलेला सांडगा दहीभाताबरोबर पानात पडतो.

वाळवणाची कसोटी एकच. तुकडा मोडला तर 'कट्' असा आवाज आला पाहिजे. नुसता वाकला, तर आत ओल आहे असे समजावे आणि आणखी एक ऊन द्यावे. सूर्यास्तापूर्वी वाळवण घरात घ्यावे, नाहीतर रात्रीचे दव दिवसभराची मेहनत पुसून टाकते. पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरावे. गरम भरले, की आत घाम धरतो आणि मग बुरशी.

लोणच्याचे गणित निराळे. तिथे पाणी काढून टाकायचे नसते, तर मिठाने त्याला बांधून ठेवायचे असते. वर्षाच्या लोणच्याला वजनाच्या साधारण पंधरा टक्के मीठ लागते. रक्तदाबामुळे मीठ कमी करायचे असेल, तर लोणचे थोडे घालावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे. मीठ कमी करून बरणी तशीच बाहेर ठेवली, तर ती बिघडणारच. लाल गाजराचे काप, मुळा, फ्लॉवर यांचे मोहरी घातलेले हिवाळी लोणचे आठ-पंधरा दिवसांचेच असते, त्याला वर्षभर टिकवण्याचा हट्ट धरू नये.

रस काढावा, पण जपून

गच्चीवरचे टोमॅटो एकदम पिकतात. त्यांचा रस काढून ठेवणे हा सोपा उपाय. टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साले काढायची, गर शिजवून चाळणीतून गाळायचा आणि तो निम्मा होईपर्यंत आटवायचा. बाटल्या आधी धुऊन पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळून घ्यायच्या. टोमॅटो आंबट असतो खरा, पण सगळे टोमॅटो सारखे आंबट नसतात. हल्लीच्या काही जाती तर गोडसरच आहेत. म्हणून अर्ध्या लिटर गराला एक मोठा चमचा लिंबाचा रस घालावा. चवीसाठी नव्हे, सुरक्षिततेसाठी.

त्याचे कारण असे. अन्नात 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' नावाचा जंतू वाढू शकतो. तो मातीत असतो, म्हणजे भाजीबरोबर घरात येतोच. त्याला हवा नको असते आणि आंबटपणा चालत नाही. त्याचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत, त्यासाठी वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापमान न्यावे लागते. कारखान्यात ते मोजून-मापून केले जाते. घरच्या कुकरमध्ये त्याची खात्री देता येत नाही. या जंतूचे विष अत्यंत घातक, आणि अन्नाला वास येईलच असे नाही. म्हणून मटार, गाजर, फरसबी, मका या आंबट नसलेल्या भाज्या पाण्यात घालून घरी हवाबंद बाटलीत भरून बाहेर ठेवू नयेत. अपेरने तसे केले होते हे खरे, पण आपल्याजवळ आज फ्रीझर आहे, ऊन आहे, मीठ आहे, व्हिनेगर आहे. फुगलेले झाकण, फेसाळलेला रस, उघडताना फसकन् येणारा आवाज, यांपैकी काहीही आढळले, तर चव न बघता ती बाटली फेकून द्यावी.

गाजराचा रस काढला, की लगेच प्यावा. तो साठवण्याचा पदार्थ नव्हे. टिकवायचेच असेल, तर उत्तरेकडची कांजी करावी : काळ्या गाजरांचे काप, पाणी, मीठ आणि कुटलेली मोहरी काचेच्या बरणीत घालून, तोंडाला दादरा बांधून चार-पाच दिवस उन्हात ठेवायचे. रोज कोरड्या चमच्याने हलवायचे. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचेच भाईबंद तिला आंबट करतात आणि तो आंबटपणाच तिला जपतो. आवळ्याचेही तसेच. आवळा स्वतःच आंबट, शिवाय मोरावळ्यात साखरेचा पाक. त्यामुळे तो वर्षभर निर्धास्त.

कडू घास

रसांच्या या गप्पांत एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायला हवी. गेल्या काही वर्षांत सकाळी अनशापोटी दुधीचा रस पिण्याची मोठी लाट आली. वजन उतरते, साखर उतरते, रक्तदाब उतरतो, असे कुणीतरी सांगते आणि घरोघरी मिक्सर फिरू लागतात. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीचा कडू रस प्यायल्याने मृत्यू झाला. तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. दुधी, काकडी, दोडका या सगळ्या एकाच कुळातल्या भाज्या. या कुळात 'कुकुर्बिटासिन' नावाची कडू, विषारी द्रव्ये असतात. एरवी ती इतकी थोडी असतात, की जाणवत नाहीत. पण कधी एखाद्या फळात त्यांचे प्रमाण वाढते. दुधी दिसायला तसाच हिरवा, कोवळा, सुंदर. फरक फक्त जिभेला कळतो.

समितीने सांगितलेला नियम अगदी साधा आहे. रस काढण्यापूर्वी दुधीचा एक लहान तुकडा चाखून बघावा. कडू लागला, तर तो दुधी टाकून द्यावा. दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नये. कारण कारले, आवळा, लिंबू मिसळले, की कडूपणा झाकला जातो आणि जीभ फसते. रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटात कळा, जुलाब असे काहीही झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला ताबडतोब इस्पितळात न्यावे. या विषावर उतारा नाही, उपचार लक्षणांवरच करावे लागतात. शिजवल्यानेही ते नाहीसे होते असे समजू नये.

गंमत म्हणावी की खंत, आपल्या आज्या हे करतच होत्या! दुधी चिरण्यापूर्वी देठाकडची चकती कापून जिभेला लावायची, काकडीचे टोक कापून चाखायचे, हे त्यांना कुठल्या समितीने शिकवले नव्हते. "कडू निघाला, टाक तो," एवढे म्हणून त्या दुसरा दुधी हातात घेत. चार पैशांचे नुकसान झाले, तरी तो कडू दुधी भाजीत जात नसे. भाजी चाखत चाखत करण्याची ती सवय रसाच्या भांड्यापर्यंत मात्र पोचली नाही. मिक्सरचे बटण दाबायला क्षणभर लागतो. तुकडा चाखायलाही क्षणच लागतो. पण तो नेमका गाळला जातो.

गच्चीवरच्या बागेत याची काळजी अधिक घ्यावी. घरचे म्हणजे शुद्ध, घरचे म्हणजे सुरक्षित, असे मन धरून चालते. पण पाण्याचा ताण पडलेल्या किंवा कडक उन्हात तापलेल्या वेलावरही कडू फळ येऊ शकते. घरचे बी पुन्हा लावताना आसपास जंगली कडू भोपळ्याचा वेल असेल, तर त्याचा परागही आपल्या वेलावर आलेला असू शकतो. तेव्हा प्रत्येक दुधी नवा समजावा आणि प्रत्येक वेळी चाखावा.

जूनमधली संध्याकाळ

कमानियाच्या परिसरात गोडाची दुकानेही मोठी. खव्याची जाड, काळपट जिलबी ही जबलपूरची खास ओळख. ती खाण्यासाठी लांबून माणसे या भागात येतात. गरम जिलबी पानावर घेऊन कमानीकडे बघत उभे राहिले, की हे शहर गोड आणि तिखट, जुने आणि नवे, मराठी आणि हिंदी किती सहजपणे एका ताटात वाढते ते कळते.

पण या शहराची खरी चव बघायची असेल, तर ती जूनमध्ये बघावी. लू वाहत असते, हातगाड्यांवरचा पाला दुपारपर्यंत कोमेजून जातो, बाजारात दोन-तीनच भाज्या आणि त्यांचेही भाव कडाडलेले. कमानीखालून माणसे डोक्यावर पंचा घेऊन भरभर निघून जातात. गच्चीवरच्या कुंड्यांत नुसती माती उरलेली असते. अशा संध्याकाळी अचानक पाहुणे येतात. मामा नागपूरहून, आत्या इंदूरहून.

तेव्हा मागच्या गल्लीतल्या स्वयंपाकघरात फडताळ उघडते. एका बरणीतून सांडगे निघतात. टोमॅटोच्या रसाची बाटली उघडली जाते, आधी झाकण निरखून, वास घेऊन. फ्रीझरमधून मटाराची शेवटची पिशवी बाहेर येते आणि दाणे पातेल्यात टणटण वाजत पडतात. थोड्याच वेळात उसळीचा वास जिन्यापर्यंत पोचतो.

"वहिनी, जूनमध्ये मटार? तोही इतका हिरवा?" पाहुणे विचारतात.

सूनबाई सासूबाईंकडे बघतात. सासूबाई नेहमीप्रमाणे काही बोलत नाहीत. फक्त उसळीवर ओले खोबरे जरा जास्तच घालतात.